झाकणावर मांडी

खोटं वाटेल, पण आमच्या कारखान्यातला नायलॉनचा धागा सुधारला तो माझ्या बुडाने. नायलॉनचे दाणे डब्यात सुकवायचे, वितळवायचे आणि धागा ओढायचा, एवढंच काम. पण धागा दर दहा मिनिटांनी तुटायचा. शेवटी साहेबांनी केमिस्टला बजावलं, "सोमवारी तुटला, तर मंगळवारी येऊ नका."

झालं, त्या माणसाच्या पायाला भिंगरी लागली. रोज तीन-तीनदा आम्लाचा थेंब कमी-जास्त करून नवे दाणे बनवायचा आणि ते सुकत असताना घडीघडी झाकण उघडून बघायचा.

"अहो, नायलॉन हवेतलं पाणी पितं. ओला दाणा वितळला की धागा तुटणारच," मी म्हटलं.

"काका, मला रसायनशास्त्र शिकवू नका. फक्त बघतो, सुकले का!"

सोमवारी मी सरळ त्या तापलेल्या झाकणावर मांडी ठोकली. तो माझ्याभोवती घिरट्या घालत होता. "उठा ना काका, एकदाच बघू द्या!" बूड भाजत होतं, पण मी जागचा हललो नाही. संध्याकाळपर्यंत धागा असा निघाला, की हत्ती बांधला असता तर हत्ती तुटला असता.

केमिस्टचे डोळे भरून आले. "काका, माझा अठरावा फॉर्म्युला लागू पडला!"

"अठरावा अजून पोत्यातच आहे," मी बूड चोळत म्हटलं. "आत तुमच्या पहिल्याच दिवसाचे दाणे होते."