चाळीस आणि एक

रेशमी दोर बायिरच्या हातात देताना यारुक खान हसला.

"आवळ, पण बेतानं. माझे तिरंदाज तुझ्याकडेच बघतायत."

बायिरनं दोर मुठीत घेतला. तो कारासू टोळीचा नायक. त्याच्या धाकट्या भावाला, सेविगला, खानानं फितूर ठरवून गेल्या हिवाळ्यात गळा आवळून मारलं होतं. तेव्हापासून टोळ्या पेटल्या होत्या. खानाचे घोडे पळवले जात होते, पाठवलेले जासूद परत येत नव्हते. शेवटी तोड निघाली. यारुकनं नुसत्या तलवारीच्या जोरावर नाही, वाडवडलांच्या रीतीनं खान व्हावं. मग सगळे त्याला मानतील. दोर कुणी धरायचा हे मात्र त्यानं स्वतः ठरवलं. भावाला मारणाऱ्यालाच त्यानं खान करावं, कारासूंची मान चारचौघांत खाली जावी म्हणून बायिरला निवडलं.

पांढऱ्या घोंगड्यावर बसवून खानाला मिरवलं, मग खाली ठेवलं. बायिरनं त्याच्या गळ्याभोवती दोर आवळला. खानाचा चेहरा काळानिळा पडला, डोळे फिरले. तिरंदाजांनी धनुष्यं ताणली. तेवढ्यात बायिरनं दोर सैल केला.

"किती वर्षं राज्य करशील?"

शुद्ध जाता जाता ओठांवर येईल तो आकडा म्हणजे आकाशाचा शब्द. तेवढी वर्षं खानाला कुणी हात लावायचा नाही. त्याहून एक दिवस जास्त राहिला, तर टोळ्यांनीच त्याला मारायचं.

खान पुटपुटला. बायिरनं त्याच्या तोंडाशी कान नेला.

"काय म्हणाला?" भगतानं विचारलं.

बायिर उठून उभा राहिला.

"एक."

सगळे सुन्न झाले. मग ढोल वाजू लागले. खान जोरजोरात मान हलवत होता, पण सुजलेल्या गळ्यातून आवाज फुटत नव्हता.

"आकाशाचा शब्द जड गेला वाटतं बिचाऱ्याला," गर्दीतली एक म्हातारी म्हणाली.

संध्याकाळी आवाज परतला तसं खानानं बायिरला तंबूत बोलावलं.

"हरामखोरा, चाळीस म्हणालो होतो मी!"

"हो. स्वच्छ ऐकलं."

"मग बाहेर जाऊन सांग! नाहीतर इथंच चिरतो तुला."

"चिरा. मग टोळ्या वर्षभर तरी कशाला थांबतील?"

खानाचा हात तलवारीच्या मुठीवरच राहिला. बायिरनं तंबूचा पडदा बाजूला केला आणि मागं वळून पाहिलं.

"सेविगचे शेवटचे शब्दही तुम्ही एकट्यानंच ऐकले होते, खान. बाहेर येऊन तुम्ही आम्हाला सांगितलंत, त्यानं फितुरी कबूल केली."