अण्णांची दाढी

कंपनीने मोडीत काढलेल्या लॅपटॉपवर मिलिंदने ती फुकटची सिस्टिम चढवली, तेव्हाच वृंदाला खटकलं होतं. ‘या मशीनवर चालणार नाही’ असं पडद्यावर स्पष्ट लिहून आलं, तरी पठ्ठ्याने पुढे रेटलंच. आणि आता रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तिचे वडील असे दिसत होते! गाल बसलेले, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले.

“बघ, अण्णांचं काय करून ठेवलंयस!” ती नवऱ्यावर उखडली. “डिस्प्लेची वाट लावलीस तू.”

“डिस्प्ले ठीक आहे. जुनी सिस्टिम समोरच्याला हसरं, टवटवीत करून दाखवायची. हिला ते येत नाही.”

वृंदाचा विश्वास बसेना. दाढी केल्याशिवाय अण्णा चहालाही शिवत नसत. मागच्या रविवारीसुद्धा चेहरा कसा तुकतुकीत होता! लॅपटॉप बिघडवलाय आणि आता थापा मारतोय, दुसरं काय.

“अण्णा, जरा गालावरून हात फिरवा बघू.”

चिपळूणला एकटे राहणाऱ्या अण्णांनी गोंधळून हात वर नेला. तो थरथरत होता. स्पीकरमधून खुंटांची खरखर स्पष्ट ऐकू आली.

वृंदाचे डोळे घळाघळा वाहू लागले.

तिकडे अण्णांसमोर तिनेच हौसेने घेऊन दिलेला लॅपटॉप होता, जुन्याच सिस्टिमचा. त्यात बघत ते समाधानाने म्हणाले,

“बरं वाटतं गं तुला बघून. अशीच हसत राहा.”