दहा सेकंद मागे

मृदुला खटावकरची मोटरसायकल पिवळ्या सिग्नलला घुसली आणि दुधाच्या टेम्पोवर आदळली. मृदुलाचं कोपर तेवढं वाचलं, कारण हेल्मेट कोपरात अडकवलं होतं. मागे बसलेली इंदूआत्या तीस वर्षांत पहिल्यांदाच गप्प झाली.

अर्थात, असं काही घडलंच नाही. शिकाऊ लायसनवाल्यांच्या गाडीनं नियमाप्रमाणे काळ दहा सेकंद मागे नेला. ही सवलत एकदाच मिळते, आणि पुसलेलं फक्त चालवणाऱ्याला आठवतं.

सिग्नल पुन्हा पिवळा झाला.

"अगं, रेट की! पिवळा म्हणजे काय लाल असतो का?" आत्या मागून ओरडली.

मृदुला थांबली. तिनं हेल्मेट डोक्यात घालून पट्टा लावला. मग आत्याच्या मांडीवरच्या हेल्मेटमधली कोथिंबीर पिशवीत भरली आणि ते आत्याच्या डोक्यावर बसवलं.

"केसांत माती गेली माझ्या! आणि तू रडतेस कशाला, बावळट?"

सिग्नल हिरवा झाला तरी आत्या बोलतच होती. मृदुलानं त्यातला एक शब्दही चुकवला नाही.

घरी पोचल्यावर तिनं आरटीओला अर्ज लिहिला: "तरी अर्जदाराच्या आत्यास मागच्या सीटवरून अखंड बडबड करण्याचा तहहयात परवाना देण्यात यावा, ही नम्र विनंती."