शिफारस

"बोला, माणूस कसा आहे?" मोठ्या कचेरीतून आलेल्या साहेबांनी पेनाचं टोपण काढत विचारलं.

काचेच्या बाटल्यांच्या त्या कारखान्यात ती तपासणी विभागाची उपप्रमुख होती आणि प्रश्न तिच्या प्रमुखाबद्दल होता. त्याला पाठीमागे सगळे 'भिंग' म्हणत. दिव्यासमोरून सरकणाऱ्या बाटलीतला केसाएवढा तडा त्याला लांबून दिसे, आणि माणसातली खोट त्याच्याही आधी. जो चुकेल त्याला तो सगळ्यांसमोर उभा करून सोलून काढायचा. शाबासकी त्याच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती.

पण तिचं वैर त्यासाठी नव्हतं. गेल्या वर्षी तिचे वडील दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते. विभागात मोबाइल न्यायला बंदी, म्हणून भावाने प्रमुखाच्या टेबलावर फोन केला. भिंगाने तो घेतला, खाली ठेवला आणि गप्प राहिला. बाहेर ट्रक उभा होता. ट्रक भरून गेल्यावर मग त्याने तिला निरोप दिला. ती पोचली तोवर वडिलांच्या तोंडावर चादर ओढलेली होती. भाऊ एवढंच म्हणाला, "सारखे दाराकडे बघत होते गं."

तेव्हापासून ती रोज सकाळी भिंगाला हसून नमस्कार करी आणि मनातल्या मनात दातओठ खाई.

आता देवानेच संधी पाठवली होती. कारखान्याच्या नदीपलीकडच्या काचभट्टीला प्रमुख हवा होता. भट्टीची माणसं आगीजवळ राहून आगीसारखीच झालेली. भल्याभल्या प्रमुखांना त्यांनी पळता भुई थोडी केली होती. एक तर रजेवर गेला तो परत फिरकलाच नाही. भिंग तिथे गेला की त्याचा भुगा व्हायला महिनाही लागणार नव्हता. त्याला तिथे पोचवायचं, तर आज त्याचं कौतुक करावं लागणार होतं.

"देवमाणूस," ती म्हणाली.

साहेब हसले. "असं मोघम नको हो. करतात काय ते सांगा."

तिने डोकं खाजवून पाहिलं. सांगण्यासारखं काहीच सापडेना. मग तिला युक्ती सुचली. भिंग जे करतो ते फक्त उलटं करून सांगायचं.

"काम सांगताना ते का करायचं हेही सांगतात," तिने सुरुवात केली. "कुणी चुकलं तर बाजूला नेऊन बोलतात, चारचौघांत नाही. वरून बोलणी आली तर स्वतःच्या अंगावर घेतात, कौतुक आलं तर ज्याचं त्याला देतात. काल लागलेला माणूस काही सुचवायला लागला तरी हातातलं काम ठेवून ऐकतात." मग ती म्हणाली, "आणि कुणाच्या घरून फोन आला ना, तर त्याला आधी घरी पाठवतात. त्याच्या जागेवर स्वतः उभे राहतात."

साहेबांचं पेन भराभर चालत होतं.

भिंगाला भट्टीवर बढती मिळाली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं बोलणं शब्दाला शब्द वाचून दाखवलं. विभागात हशा दाबताना लोकांची पंचाईत झाली. पॅकिंगवाली न पडलेलं काहीतरी उचलायला टेबलाखाली वाकली, ती वर येईचना. भिंगाचे कान लालभडक झाले. तिने ते डोळे भरून पाहून घेतले.

जाताना तो दाराशी थांबला. "हे सगळं तुम्ही सांगितलंत?"

"हो. का, खोटं आहे?"

तो पिशवी उचलून चालू लागला. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पण पुढे बातमी काही येईना. महिना गेला, अजून काही महिने गेले. मग भट्टीकडून आलेल्या मालात बुडबुडे निघाले. नमुने दाखवायला कुणीतरी जायला हवं होतं. "मी जाते," ती पटकन म्हणाली. त्याचं उतरलेलं तोंड तिला याचि डोळा बघायचं होतं.

प्रमुखाची खोली रिकामी होती. पळाला! तिला उकळ्या फुटल्या.

"साहेब ना? ते काय तिथे," एक पिकल्या मिशांचा भट्टीवाला म्हणाला. भट्टीच्या तोंडाशी जाड हातमोजे घातलेला एक माणूस घामाने निथळत उभा होता. भिंगच तो. "तिथल्या गड्याची बायको अडलीय. फोन आला तसं साहेबांनी त्याला पिटाळलं."

तिने नमुन्यांची पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"माझा बाप गेला तेव्हा मला यांनीच गाडीवर घालून नेलं," भट्टीवाला सांगू लागला. "बापाने माझा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडला नाही. आम्ही काय कमी छळलं होतं या माणसाला? पण आल्या दिवशीच त्यांनी सगळ्यांना गोळा केलं होतं. म्हणाले, माझ्याबद्दल एका बाईंनी खूप चांगलं सांगितलंय. त्यातलं अक्षरही खरं नाही. पण आता मला तसं व्हायचंय, थोडा वेळ द्या."

तिच्या हातातली नमुन्यांची पेटी एकाएकी जड झाली. तिने ती खाली ठेवली.

"तुम्ही त्यांच्या जुन्या विभागातल्या ना, ताई? ओळखता का हो त्या बाईंना?"

भट्टीची धग तिच्या तोंडावर येत होती.

"नाही," ती म्हणाली. "त्या बाईंना मी अजून भेटले नाही."