सुनेपुढची पाटी

गॅरेजवाल्या याकोब मिस्त्रींच्या सॅमसनचं लग्न झालं आणि क्रिस्टीना सून होऊन शिरूरला आली, त्या वर्षीची गोष्ट. पोरगी आयटीआयमधून गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक काम शिकलेली. सॅमसनच्या पिकअपमध्ये ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसचा पिवळा दिवा विझेना, तेव्हा तिनं भर गिऱ्हाइकांत सासऱ्यांना विचारलं, "मामा, स्कॅनर लावून बिघाड बघू का? तुम्हाला बी शिकवते."

मिस्त्रींना ते लागलं. "आता सुनंपुढं पाटी धरू व्हय?" म्हणत त्यांनी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. "हे बघ, झाला दुरुस्त." सगळं गॅरेज हसलं. सॅमसन तर सगळ्यांत मोठ्यानं.

हल्ली मिस्त्री रोज सकाळी स्टूल ओढून तिच्याशेजारी बसतात.

"मामा, आधी कोड वाचायचा. मग सेन्सरची वायर तपासायची."

"व्हय, पोरी," म्हणतात आणि पुन्हा चुकतात. ती पुन्हा पहिल्यापासून सांगते. एकदा तरी तिनं आपल्यावर ओरडावं, असं त्यांना वाटत राहतं. पण ती आवाज चढवत नाही.

गेल्या गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, कोरेगाव भीमाजवळ ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताच त्या पिकअपची चाकं जाम झाली, आणि सॅमसन वारला.