हातांचं गाणं

नववीच्या वर्गात ऐकू न येणारी ती एकटीच. तिला परकं वाटू नये म्हणून बाई सगळ्या मुलींच्या मागे हात धुऊन लागल्या आणि एक अख्खं गाणं खुणांनी बसवून घेतलं. शिकवलं मात्र तिनेच. महिनाभर तिच्याभोवती मुलींचा गराडा होता. कार्यक्रमात शेवटची ओळ आली, 'तू एकटी नाहीस, आम्ही आहोत तुझ्यासोबत', तेव्हा मुख्याध्यापिकांनी चष्मा काढून डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने धीर केला. बाकावरच्या शेजारणीला एकेक खूण सावकाश करत विचारलं, "आज माझ्याबरोबर डबा खाशील?"

शेजारणीला ओ की ठो कळलं नाही. या खुणा काही गाण्यात नव्हत्या. ओशाळून ती नुसतीच हसली. मग एकदम तिचा चेहरा उजळला. डबा काखेत मारून तिने दोन्ही हातांनी करून दाखवलं, 'तू एकटी नाहीस, आम्ही आहोत तुझ्यासोबत.' महिनाभर चुकणारा अंगठासुद्धा या वेळी अगदी जागेवर होता.

आणि दाराशी ताटकळलेल्या मैत्रिणींकडे शेजारीण पळत गेली.