पुंजाबुवांच्या खोलीचं सीलिंग

चांदवड सोडून नाशिकला मुलाच्या फ्लॅटमध्ये आल्यावरही पुंजाबुवा रोज सकाळी आपल्या खोलीत उभे राहून तासभर कीर्तन करायचे. “बाबा, वरचे लोक तक्रार करतात,” सुनील एक दिवस म्हणाला. पण गाणं बंद करा, असं काही तो म्हणाला नाही. उलट त्याने खोलीला आवाज अडवणारं फॉल्स सीलिंग करून दिलं, आणि त्याच कामात दारालाही रबराची पट्टी बसवली. असा लेक पांडुरंगच देतो, असं बुवा भेटेल त्याला सांगत सुटले.

महिन्याभराने वरच्या वत्सलाबाई प्रसाद घेऊन खाली आल्या.

“बुवा, कीर्तन का हो सोडलंत?”

“सोडतो कसलं? रोज करतो की! तुम्हाला त्रास नको म्हणून सुनीलने सीलिंग करून घेतलं.”

“आम्हाला त्रास? अहो, आमचे हे अंथरुणाला खिळलेले. तुमचं नीट ऐकू यावं म्हणून त्यांचा पलंग मुद्दाम तुमच्या खोलीच्या वर सरकवून घेतला होता. त्रास होतो असं सांगितलं कोणी तुम्हाला?”



समोर बसलेल्या सुनीलने टीव्हीचा आवाज वाढवला.